राजाचा अंगरखा आणि सातूची भाकरी

जयपूरच्या राजवाड्यात, मुबारक महालाच्या वस्त्रदालनात, काचेच्या कपाटात एक अंगरखा ठेवलेला आहे. त्याला तिकडे ‘आतमसुख’ म्हणतात. तो पहिल्या सवाई माधोसिंहाचा. प्रथम पाहणाऱ्याला हे एका माणसाचे वस्त्र आहे असे वाटतच नाही; दोघातिघांनी मिळून पांघरावे एवढा त्याचा घेर. वाटाड्ये मोठ्या अभिमानाने सांगतात की महाराजांची उंची सात फूट होती आणि वजन अडीचशे किलोंच्या वर होते. वजनाचा हा आकडा मी जरा जपूनच घेतो. थंडीत सर्व कपड्यांवरून घालायचा, कापूस भरलेला अंगरखा मुळात ऐसपैसच शिवलेला असणार. आणि वाटाड्याच्या तोंडी राजाचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, कमी होत नाही. परंतु माधोसिंह असामान्य स्थूल होते, याला तो अंगरखा पुरेसा साक्षी आहे.

मराठी माणसाला हे माधोसिंह अगदीच परके नाहीत. उदयपूरच्या राजकन्येचा हा मुलगा जयपूरच्या गादीवर आला तो मल्हारराव होळकरांच्या पाठबळावर. मराठ्यांच्या फौजा जयपूरवर चालून येत आहेत हे पाहून त्यांचे सावत्र भाऊ ईश्वरीसिंह यांनी १७५० च्या डिसेंबरात आत्महत्या केली. आणि त्याच माधोसिंहांच्या राजधानीत पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहायला आत शिरलेल्या मराठ्यांची सरसकट कत्तल झाली. ती कथा निराळी. आज मला राजकारणाविषयी बोलावयाचे नाही. आजचा विषय तो अंगरखा आणि त्याच्या आतला माणूस खात काय होता, हा आहे. किंबहुना, त्याच वेळी त्याच शहराच्या तटाबाहेर राहणारी, अंगाने काटकुळी असलेली रयत काय खात होती, हा आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो तो इतिहासाच्या ओढीने वळलो असे म्हटले तर ते खोटे होईल. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी जयपुरात राहावयास आलो. चाळिशी उलटलेली, काम बैठे, आणि शहर असे की श्रावणात घेवराची, थंडीत गजकाची आणि बारा महिने कचोरीची आठवण हवाच करून देते. दोन वर्षांत डॉक्टरांनी मला तराजूवर उभे केले आणि अकरा किलो उतरविण्याचा हुकूम दिला. हुकूम पाळावयाची सवय अंगी मुरलेली असल्याने मी त्याच संध्याकाळी एका मोठ्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानात गेलो आणि सात धान्यांचे म्हणून विकले जाणारे एक पिठाचे पाकीट घेऊन आलो. किंमत साध्या पिठाच्या चौपट होती. घरी येऊन पाकिटाच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचले. जो घटक सर्वांत अधिक तो प्रथम, असा क्रम त्या यादीत कायद्याने ठेवावा लागतो. पहिले नाव गव्हाचे होते. उरलेली सहा धान्ये शेवटच्या ओळीत दाटीवाटीने बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी चांदपोल दरवाजाच्या आतल्या एका जुन्या वाण्याकडे गेलो. गूळ, डाळी आणि जिऱ्याचा मिश्र वास, लोखंडी मापे, आणि गोण्यांच्या तोंडाशी धान्याचे लहान लहान ढीग. मी सातू मागितला. ‘सातू’ म्हटल्यावर त्याने भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ पुढे केले. मराठीतला सातू आणि हिंदीतला सत्तू यांची ही जुनी गल्लत. मग ‘जौ’ म्हटले. तो मोजता मोजता हसून म्हणाला, “साहब, पहले इसे गरीब खाता था, अब डॉक्टर का लिखा हुआ खाता है।” एवढे एकच वाक्य. पण जुना एम. ए. चा विद्यार्थी माझ्यात अजून पुरता मेलेला नव्हता. त्या वाक्याने तो जागा झाला.

कारण वाण्याचे ते वाक्य फारच जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात निंदिल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची मोजणी आहे आणि त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे. स्थूल माणसाचे आयुष्य घटते, त्याला हालचाल जड होते, घाम व दुर्गंधी यांचा त्रास होतो, भूक आणि तहान आवरत नाही, इत्यादी वर्णन करून ग्रंथकार उपायाकडे वळतो. त्याचे सूत्र मोठे मार्मिक आहे. स्थूल माणसाची भूक तीव्र असते; म्हणून त्याला हलके अन्न देऊन चालत नाही, ते चटकन पचून तो पुन्हा पानावर येऊन बसेल. त्याला पचावयास जड, परंतु शरीर न पोसणारे अन्न द्यावे. पोट भरावे, पण शरीर भरू नये! आजचे आहारशास्त्र चोथ्याविषयी आणि तृप्तीविषयी जे बोलते, त्याचा गाभा यात पुष्कळसा आलेला आहे.

आणि मग यादी येते. सातू, सावा, राळा, हरीक, टीकाकार जिला ज्वारी समजतात ते धान्य, मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा, आणि जेवणावर मधाचे पाणी. अन्यत्र ताकही सांगितले आहे. ही यादी मी पुनःपुन्हा वाचली. तिच्यात तांदूळ नाही, गहू नाही, तूप नाही, साखर नाही. ही यादी वैद्याने लिहिली आहे हे जर कोणी सांगितले नसते, तर ती एखाद्या कोरडवाहू गावातील गरीब घराच्या कोठीची मोजदाद वाटली असती. मधाचे पाणी तेवढे वगळा. राजाला जे औषध म्हणून सांगितले, ते प्रजेला पथ्य म्हणून नव्हे, दुसरे काही परवडत नाही म्हणून रोज खावे लागत होते.

परवडत नाही म्हणजे किती? येथे आपला वाटाड्या अबुल फजल. जयपूर शहर वसण्यापूर्वी, आमेरचा मानसिंह अकबराच्या दरबारी होता त्या काळात, ‘आइन-इ-अकबरी’त जिनसांचे भाव लिहून ठेवलेले आहेत. चाळीस दामांचा एक रुपया आणि आजच्या सुमारे पंचवीस किलोंचा एक मण. गव्हाचा भाव मणाला १२ दाम, सातूचा ८ दाम. तुपाचा १०५, तेलाचा ८०, गुळसर तांबड्या साखरेचा ५६ आणि पांढऱ्या साखरेचा १२८ दाम. सर्वांत साध्या मजुराला दिवसाला दोन दाम मिळत. म्हणजे एका दिवसाच्या कष्टात सातू घेतला तर दहा शेर, आणि पांढरी साखर घेतली तर पाऊण शेरसुद्धा नाही.

हे आकडे जरा उलटसुलट करून पाहिले पाहिजेत. त्या काळी साखर गव्हाच्या साडेदहा पटींहून महाग होती, तेल साडेसहा पटींहून अधिक, तूप पावणेनऊ पट. आज तूप तर त्याहूनही महाग झाले आहे, ते सोडून द्या. परंतु साखर गव्हाच्या दुपटीलाही पोचत नाही आणि तेल चार-पाच पटींवर आले आहे. एका दिवसाच्या मजुरीत आज पाच-सहा किलो साखर सहज येते. माझ्या मते स्थूलतेच्या इतिहासातील मुख्य घटना ही आहे. लोक आळशी झाले, जिभेचे गुलाम झाले, हा उपदेश आपण सर्वच करतो, पण जीभ सोळाव्या शतकातही हीच होती. तेव्हा तिला साखर मिळत नव्हती. लठ्ठपणा ही तेव्हा राजवाड्यात बंदिस्त असलेली वस्तू होती, कारण तिचा कच्चा माल राजवाड्याबाहेर परवडतच नव्हता. म्हणून तर राजाचे वजन शुभ मानले जाई. मोगल बादशहा वाढदिवसाला तराजूत बसत आणि सोन्यापासून मिठापर्यंत निरनिराळ्या वस्तूंनी त्यांची तुला होई, त्यांत सात प्रकारची धान्येही असत. आपल्याकडे रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींची तुला झाली. तुलेचे ते द्रव्य दानात जाई. मग राजा जितका वजनदार, तितका याचकाचा लाभ अधिक, असाच हिशेब नाही का?

आता शहराकडे येऊ. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहांनी जयपूरची पायाभरणी केली. विद्याधर भट्टाचार्य नावाच्या बंगाली पंडिताने आखलेल्या या नगरात बाजार प्रथम आणि घरे नंतर, असा प्रकार होता. सरळ रस्ते, दोहों बाजूंना एकसारखी दुकाने, आणि चौकाचौकांत चौपड. या नगराला अन्न पुरविणारी जी खेडी होती, त्यांचे परगणेवार हिशेब ‘अडसट्टा’ नावाच्या कागदांत उतरलेले आहेत. ते आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत, आणि सतीशचंद्र, एस. पी. गुप्ता, दिलबागसिंह या इतिहासकारांनी त्यांवर मोलाचे काम केले आहे. या कागदांत बाजरी, ज्वारी, मोठ म्हणजे आपली मटकी, तीळ ही पावसाळी पिके आणि सातू, हरभरा, गहू ही हिवाळी पिके पुनःपुन्हा भेटतात. गव्हाला विहिरीचे पाणी अधिक लागे; सातू कमी पाण्यावर, खारट जमिनीतही तग धरी. म्हणून पुष्कळ शेतकरी सातू आणि हरभरा एकत्रच पेरीत, एकत्रच कापीत आणि एकत्रच दळीत. एक बुडाले तर दुसरे हाती लागावे, हा त्यातला हेतू. या मिश्र धान्याला ‘बेझड’ म्हणतात. कधी त्यात गहूही असतो. बेझडाची जाड, खरपूस रोटी, लसणाची चटणी आणि ताक हे ढूंढाड प्रांताचे खरे अन्न. जयपूरच्या आसपासच्या या मुलुखाला ढूंढाड हेच जुने नाव आहे.

सातू आणि हरभरा यांची ही जोडी कोणा वैद्याने जुळविलेली नाही, ती दुष्काळाने जुळविलेली आहे. पण आजच्या प्रयोगशाळेत नेली तर ती उत्तम ठरते. सातूत चोथा गव्हाहून अधिक, हरभऱ्यात त्याहूनही अधिक, आणि हरभऱ्याची प्रथिने शंभर ग्रॅमला सतरा.

तथापि, या अन्नाशी लोकांचे जे नाते होते ते प्रेमाचे नव्हते, हे आपण विसरता कामा नये. त्यामागे भुकेच्या आठवणी आहेत. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी खेजडीच्या झाडाची साल सोलून, कुटून पिठात मिसळून खाल्ली. १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा, म्हणून ‘छप्पनिया’, आजही म्हाताऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो. त्या वर्षी दुसऱ्या सवाई माधोसिंहांनी दुष्काळनिधीसाठी पंधरा लाखांची देणगी दिली, आणि तिच्यातून अखिल हिंदुस्थानचा दुष्काळ-निवारण न्यास उभा राहिला. जो समाज सालीच्या भाकरीपर्यंत जाऊन आला आहे, त्याला गव्हाचा पांढरा फुलका म्हणजे काय वाटत असेल? सण म्हणजे गहू, पाहुणा म्हणजे गहू, लग्न म्हणजे गहू, तूप आणि साखर. बेझड म्हणजे रोजचे दैन्य. आपल्याकडेही कुळथाचे पिठले आणि नाचणीची आंबील पाहुण्यापुढे कोण ठेवीत होते?

म्हणून गहू आला तेव्हा त्याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच झाले. १९२७ मध्ये महाराजा गंगासिंहांच्या कालव्याने सतलजचे पाणी बिकानेरच्या वाळूत आले. १९५८ च्या मार्चमध्ये राजस्थान कालव्याचा पाया घातला गेला. तोच पुढे इंदिरा गांधी कालवा झाला. १९५६ च्या कराराने अमेरिकेचा गहू जहाजे भरभरून येऊ लागला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली, त्याच वर्षी अन्न महामंडळ स्थापन झाले, आणि काही वर्षांतच बुटक्या जातींच्या गव्हाने कोठारे भरली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी लोकांनी नाक मुरडून, पण जीव वाचवून खाल्ली. माझ्या आजीच्या बोलण्यात तो शब्द नेहमी येई. तिला पुढे कोणी ज्वारीची भाकरी आरोग्यासाठी चांगली म्हणून सांगितले की ती म्हणे, “तुम्ही मिलो खाल्ली नाहीत, म्हणून सुचतंय.” या भूतकाळाला हसू नये. स्वस्त अन्नाची थोरवी गाणाऱ्याने आधी हे ऐकून घेतले पाहिजे.

येथे एक शास्त्रीय घोटाळाही निस्तरला पाहिजे. स्वस्त आणि पौष्टिक अन्न कोणते, याचा शास्त्रशुद्ध विचार अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी केला. १८९४ साली त्यांनी तेथील शेतकी खात्यासाठी अन्नाचे पोषणमूल्य आणि किंमत यांवर एक पुस्तिका लिहिली. एका नाण्यात किती उष्मांक आणि किती प्रथिने मिळतात, हे तिच्यात मांडलेले होते. भारतात कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नांची तशीच कोष्टके प्रसिद्ध केली. ती परंपरा पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालविली. ही सारी कोष्टके भुकेल्यांसाठी रचलेली होती. पैशाला अधिकांत अधिक उष्मांक देईल ते अन्न उत्तम, हा ॲटवॉटर यांचा न्याय. ॲटवॉटर यांनी तर पालेभाज्यांवर पैसे घालविणे अव्यवहारी ठरविले होते, कारण त्यांत उष्मांक नाहीत. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागावयाचा होता. आता ज्याला वजन उतरवावयाचे आहे त्याने हेच कोष्टक खालून वर वाचावयाचे आहे. रुपयाला सर्वांत अधिक उष्मांक देणाऱ्या वस्तू म्हणजे साखर, तेल आणि मैदा. गरिबाचा पैसा तिकडे वळतो तो अज्ञानाने नव्हे, हिशेबाने वळतो. पोटाला आधार लागतो, आणि तो तेथे सर्वांत स्वस्त मिळतो.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला धक्का देऊन गेली. बाजरी खाल्ली की वजन उतरते, हा समज आज शहरोशहरी पसरला आहे. हैदराबादच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम बाजरीत ३६१ उष्मांक आहेत आणि गव्हात ३४६. बाजरी किंचित वरच! २०१७ च्या नव्या कोष्टकांत चोथाही दोहोंत जवळजवळ सारखाच आहे, साडेअकराच्या आसपास. सातूत तो साडेपंधरा आहे. खरी दरी आहे ती सबंध दळलेल्या गव्हात आणि मैद्यात: मैद्यात चोथा तीन ग्रॅमसुद्धा नाही. तेव्हा चक्कीवर दळलेल्या, कोंडा न काढलेल्या गव्हाला बिचाऱ्याला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आणि बाजरीची रोटी जयपुरात खातात कशी? वर तुपाची धार आणि शेजारी गुळाचा खडा. औताच्या मागे दिवसभर चालणाऱ्याने ती तशी खावी. फायलींच्या मागे बसणाऱ्याने खाऊ नये. लोहासाठी, कोरडवाहू शेतकऱ्यासाठी, चवीसाठी बाजरी अवश्य खावी. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये.

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक अंत्यविधीचे सामान पुरविणारा व्यावसायिक होता. १८६३ साली त्याने स्वतःचे वजन उतरविल्याची हकीकत छापली आणि ती घरोघर गेली. वर्षभरात ४६ पौंड उतरले होते. त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली हे खरे. पण त्याच्या रोजच्या पानात तीनतीनदा मांस वा मासे आणि वर उंची मद्य होते. उपाय गुणकारी असेल, तो श्रीमंताचा होता. आपल्या देशाचे भाग्य असे की येथे जो उपाय चरकाने सांगितला तो गरिबाच्या ऐपतीतला होता. होता, असे मी म्हणतो.

कारण भावांची ती जुनी उतरंड आता मोडली आहे. २०२४-२५ साठी सरकारने जाहीर केलेला हमीभाव पाहा: बाजरी क्विंटलला २,६२५ रुपये आणि संकरित ज्वारी ३,३७१. पाठोपाठच्या रब्बी हंगामासाठी गहू २,४२५ आणि सातू १,९८०. गरिबांचे धान्य म्हणून जिला माझी आजी नाक मुरडीत होती ती ज्वारी गव्हापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी महाग! हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि शेतकऱ्याच्या हाती पडणे वेगळे, हे मी सरकारी नोकर असूनही मान्य करतो. बाजरी पिकविणारा शेतकरी बाजारात पुष्कळदा पडत्या भावाने विकतो आणि तीच बाजरी पाकिटात शिरली की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. दुसऱ्या बाजूला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरडोई पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण फुकट आहे. जयपुरात ते धान्य म्हणजे गहू. तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी, आपल्याच देशाच्या सूचनेवरून, भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. मेजवान्यांतून बाजरीचे नाना प्रकार झळकले. गव्हाला दाम नाही आणि बाजरीला मान आहे, अशा पेचात गरिबाने काय घ्यावे?

एकटा सातू या उतरंडीत आजही खाली राहिला आहे. अकबराच्या वेळी तो गव्हाच्या दोनतृतीयांश भावाने मिळे, आज चारपंचमांश. जयपूरलगतच्या दुर्गापुरा येथे सातूच्या वाणांवर अनेक वर्षे उत्तम संशोधन झालेले आहे. परंतु दुकानातून तो दिसेनासा होत चालला, कारण त्याचा मोठा गिऱ्हाईक आता माल्टचे कारखाने आहेत. चरकाने स्थूलाला रोड होण्यासाठी दिलेले धान्य आम्ही आंबवून बिअर म्हणून पितो. बँटिंगने सोडली ती हीच!

आमच्या कचेरीत कंत्राटदारामार्फत नेमलेला एक शिपाई आहे. त्याच्या पत्नीला गेल्या वर्षी मधुमेह निघाला. वजन उतरवा, मोटा अनाज खा, असे तिला दवाखान्यात सांगितले. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. त्याला वाटले, साहेबही तेच पथ्य करतात, त्यांना ठाऊक असेल. घरात पाच माणसे, आई धरून. महिन्याला पंचवीस किलो गहू फुकट. मोठ्या दुकानातील बाजरीच्या पिठाचा भाव त्याने विचारून पाहिला होता आणि तो गप्प झाला होता. देशातील पाहणी सांगते की २०१९ ते २१ या काळात जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया प्रमाणाहून अधिक वजनाच्या होत्या आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास स्त्रिया प्रमाणाहून कमी. हे दोन्ही हिस्से एकाच गल्लीत राहतात, कधी एकाच घरात. त्याच्या घरी आई काडी आणि पत्नी स्थूल होती.

आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत कागदावर हिशेब मांडला. मी डॉक्टर नव्हे. औषध चालूच ठेवावयाचे, हे आधी बजावले. गहू फुकट आहे तो सोडण्यात अर्थ नव्हता. पण घरात महिन्याला पाच किलो साखर आणि पाच लिटर तेल येत होते. चहा दिवसातून चार वेळा. अडीच किलो साखर आणि दोन लिटर तेल काढून टाकले. त्या पैशांत चांदपोलच्या वाण्याकडून पाच किलो सातू आणि तीन किलो हरभरा आले आणि वर थोडे नाणे उरले. हे फुकटच्या गव्हात मिसळून चक्कीवर जाडसर दळावयाचे, कोंडा चाळावयाचा नाही. म्हणजे ढूंढाडचे जुने बेझडच. मुलांच्या बिस्किटांच्या आणि शेवेच्या पुड्यांऐवजी भाजलेले हरभरे. मोड आलेली मटकी. भाजी जी हंगामात ढिगाने येते ती: हिवाळ्यात मेथी, मुळा, चाकवत, उन्हाळ्यात दुधी. ताक, त्यात साखर नाही. कागदाच्या पाठीवर मी गंमत म्हणून चरकाची यादी लिहिली. निदान सातू आणि ताक तरी जुळत होते. आईच्या पानात मात्र तूप पूर्वीइतकेच राहील, हेही लिहिले.

अडचण आली ती पैशांची नव्हती. चक्कीवाला एवढ्याशा मिश्र दळणाला प्रथम तयार होईना, मग झाला. खरी अडचण त्याच्या आईची होती. घरात पुन्हा बेझडाची रोटी भाजलेली पाहून ती म्हातारी दोन दिवस सुनेशी बोलली नाही. गाव सोडून शहरात आलो तो हे पुन्हा खाण्यासाठी का, शेजारचे काय म्हणतील, असे तिचे म्हणणे. मुलाची नोकरी गेली की काय, अशीही तिला शंका आली. ती शंका फेडण्यासाठी अखेर त्याने तिला सांगितले की साहेबसुद्धा हेच खातात. तिने ते खरे मानले नाही.

चार महिन्यांत त्याच्या पत्नीचे वजन तीन किलो उतरले. माझे पाच. त्याचा डबा कधीकधी माझ्या खोलीत उघडतो. परवा मी पाहिले: वर दोन पातळ, पांढरे गव्हाचे फुलके होते आणि त्यांच्या खाली बेझडाच्या तीन रोट्या झाकून ठेवल्या होत्या. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की डबा अजून आईच भरते.